गाडीचा धूर मोजायचा की लांबी?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर जादा कर लावणं योग्य आहे का? एक बाजू म्हणते, दोन टनांची एसयूव्ही घेऊन एकटा ऑफिसला जाणाऱ्याने जास्त भरलंच पाहिजे. दुसरी म्हणते, गाडीवर आधीच निम्मी किंमत करात जाते, आणखी किती पिळणार?

माझं उत्तर दोन्ही बाजूंना थोडं गैरसोयीचं आहे. आपल्याकडे एकूण कर कमी नाही, तो वाढवायची गरजही नाही. पण तो धुरावर मोजलाच जात नाही. जीएसटी लांबी आणि सीसी बघतो, महाराष्ट्राचा रोड टॅक्स किंमत बघतो. गाडी दर किलोमीटरला किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

ग्रॅम काढायला प्रयोगशाळा लागत नाही. कंपनीने जाहीर केलेलं प्रमाणित मायलेज घ्या. पेट्रोल गाडी असेल तर २,३७० ला त्या आकड्याने भागा, डिझेल असेल तर २,६४० ला, सीएनजी असेल तर २,७०० ला (तिथे मायलेज किलोमागे असतं). आलेलं उत्तर म्हणजे किलोमीटरमागचे ग्रॅम. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण २.३ ते २.४ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, डिझेलमधून थोडा जास्त. इंजिन कितीही आधुनिक असलं तरी हे रसायन बदलत नाही. म्हणून ग्रॅमवरचा वाद हा शेवटी मायलेजवरचाच वाद आहे.

आता दोन गाड्या शेजारी उभ्या करा. पहिली बोलेरो: लांबी ३,९९५ मिलिमीटर, १,४९३ सीसीचं डिझेल इंजिन, मायलेज सुमारे १६. म्हणजे १६५ ग्रॅम. दुसरी ग्रँड विटाराची स्ट्राँग हायब्रिड: लांबी ४,३४५ मिलिमीटर, दीड लिटरचं पेट्रोल इंजिन आणि सोबत मोटर, प्रमाणित मायलेज २७.९७. म्हणजे ८५ ग्रॅम. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली आणि डिझेल असल्यास १,५०० सीसीपर्यंतची गाडी 'छोटी' ठरते, तिला १८ टक्के जीएसटी. इलेक्ट्रिक सोडून बाकी मोठ्यांना ४०. म्हणजे १६५ ग्रॅमवाली १८ टक्क्यांत आणि ८५ ग्रॅमवाली ४० टक्क्यांत. बोलेरो वाईट गाडी आहे असं कोणी म्हणत नाही. कच्च्या रस्त्याला तिला तोड नाही. पण हा कर प्रदूषणावर आहे असं मात्र कोणी म्हणू नये.

ही चार मीटरची रेघ आली २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातून. छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं, आणि छोटी म्हणजे काय हे ठरवायला लांबी ४,००० मिलिमीटर, पेट्रोल १,२०० सीसी, डिझेल १,५०० सीसी अशी व्याख्या केली. पुढे काय झालं ते रस्त्यावर दिसतं. २००८ मध्ये टाटा इंडिगोची आखूड आवृत्ती आली, २०१२ मध्ये डिझायरची डिकी कापून ती ४,१६० वरून ३,९९५ मिलिमीटरवर आणली. नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू या सगळ्या चार मीटरला पाच-सहा मिलिमीटर कमी. हा योगायोग नाही, हे टेप लावून केलेलं डिझाइन आहे. डिकी कापल्याने मायलेज वाढत नाही. उलट मागचा भाग एकदम तुटलेला असला तर हवेचा अडथळा वाढण्याचीच शक्यता जास्त.

सीसीचंही तेच. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २,००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. महिन्याभरातच महिंद्राने स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५०० मध्ये १.९९ लिटरचं इंजिन आणलं. गाडी तीच, वजन तेच, धूर जवळपास तोच. इंजिन रेघेच्या आत आलं. ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायालयाने बंदी उठवून शोरूमच्या किमतीवर १ टक्का पर्यावरण संरक्षण आकार लावला. तो लावतानाही पाया किंमतच राहिली.

जुन्या जीएसटीत मोठ्या एसयूव्हीवर एकूण ५० टक्के कर होता. त्यासाठी लांबी चार मीटरपेक्षा जास्त, इंजिन १,५०० सीसीपेक्षा मोठं आणि रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स किमान १७० मिलिमीटर अशा तिन्ही अटी लागत. गाडी जमिनीपासून किती उंच आहे याचा तिच्या धुराशी काय संबंध, हे कोणीच समजावून सांगू शकलं नाही. त्यातला २२ टक्क्यांचा सेस, म्हणजे जादा उपकर, तोही प्रदूषणाचा नव्हता. राज्यांचा बुडालेला महसूल भरून द्यायला तो होता. त्याची मुदत संपत आली तसा तो गेला, आणि सगळे मोठे एका ४० च्या रकान्यात आले.

त्याचा हिशोब करून बघा. करपूर्व २० लाखांच्या मोठ्या एसयूव्हीवर आधी १० लाख कर होता, आता ८ लाख. दोन लाखांची सूट. करपूर्व १४ लाखांच्या हायब्रिडवर आधी ४३ टक्क्यांनी ६ लाख २ हजार होता, आता ५ लाख ६० हजार. सूट ४२ हजारांची. हायब्रिडला साध्या मध्यम पेट्रोल गाडीपेक्षा दोन टक्क्यांचा जो फायदा होता, तोही पुसला गेला. त्या दिवशी वर्तमानपत्रांत बातमी होती 'गाड्या स्वस्त'. ती खरीच होती. पण मोठ्या गाड्यांत जास्त ग्रॅमवालीला जास्त सूट मिळाली, यावर फारसं कोणी बोललं नाही.

महाराष्ट्राचा भाग

वाहनांवरचा कर हा घटनेने राज्यांच्या यादीत दिलेला विषय आहे. जीएसटी बदलायला केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेत तीन-चतुर्थांश भारित मतं (प्रत्येक मताला ठरलेलं वजन) लागतात. रोड टॅक्स बदलायला विधिमंडळ पुरतं. म्हणून धुरावरच्या कराची खरी सुरुवात दिल्लीत नाही, मुंबईत होऊ शकते.

आज वैयक्तिक मालकीच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२, त्यावर १३. डिझेलला तेच १३, १४, १५. सीएनजीला १ जुलै २०२५ पासून एक टक्का वाढून ८, ९, १०. कंपनीच्या नावावर घेतलेल्या आणि आयात गाडीला २० टक्के. डिझेल आणि सीएनजीचा फरक सोडला तर सगळा पाया किमतीचा आहे, आणि ती किंमत जीएसटीसकट धरली जाते, म्हणजे करावर कर.

यातून गंमत अशी होते: एकाच गाडीची साधी पेट्रोल आवृत्ती १४ लाखांना आणि हायब्रिड १८ लाखांना आहे असं धरा. पहिलीचा रोड टॅक्स १ लाख ६८ हजार, दुसरीचा २ लाख १६ हजार. ग्रॅम ११२ वरून ८५ वर आले आणि कर ४८ हजारांनी वाढला. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला तेव्हा तिथल्या शोरूममध्ये गिऱ्हाईक का वाढलं असेल, हे या एका ओळीत कळतं.

वरच्या टोकाला तर कमाल मर्यादा आहे. ती आधी २० लाख होती, जुलै २०२५ पासून ३० लाख. पेट्रोलच्या १३ टक्क्यांनी २ कोटी ३१ लाखांच्या आसपास ही मर्यादा गाठली जाते. त्यापुढे किंमत वाढली तरी कर थांबलेला. चार कोटींच्या गाडीला प्रत्यक्ष दर पडतो साडेसात टक्के. आणि सात लाखांची छोटी पेट्रोल गाडी घेणारा ११ टक्के भरतो. 'श्रीमंतांच्या गाड्यांवर कर' म्हणून भांडणाऱ्यांनी आधी या मर्यादेवर बोट ठेवावं.

इलेक्ट्रिकचा किस्साही बोलका आहे. २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला होता. मार्च संपायच्या आत मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेत असल्याचं विधान परिषदेत सांगितलं. चर्चा पूर्ण 'श्रीमंत की गरीब' अशी झाली. धुराचा आकडा दोन्ही बाजूंनी आला नाही.

बाहेर काय झालं

फ्रान्सचा अनुभव सगळ्यात उपयोगाचा, कारण तो बऱ्याच वर्षांचा आहे. जानेवारी २००८ पासून नवी गाडी नोंदवताना १६० ग्रॅमच्या वर दंड, १३० च्या खाली बक्षीस. दंडाच्या पैशातून बक्षीस भागेल असा हिशोब होता. लोक अपेक्षेपेक्षा भराभर छोट्या गाड्यांकडे वळले, दंड कमी आला, बक्षिसं जास्त गेली आणि सरकारला तूट सोसावी लागली. धोरण यशस्वी झालं म्हणून तिजोरी हरली. नंतर रेघ खाली आणत गेले. २०२५ मध्ये, मार्चपासून, ११३ ग्रॅमला ५० युरो इथून दंड सुरू होत होता आणि १९२ ग्रॅमच्या वर ७० हजार युरोपर्यंत जात होता. दोन गोष्टी तिथून उचलण्यासारख्या. दंड ग्रॅमागणिक चढतो, पायऱ्यांनी नाही. त्यामुळे एका ग्रॅमसाठी गाडीचं सोंग बदलण्यात फारसा फायदा राहत नाही. आणि पुढच्या वर्षांचे आकडे एकाच कायद्यात आधीच छापलेले असतात. नवी गाडी आखण्यापासून बाजारात येईपर्यंत तीन-चार वर्षं जातात. कारखान्याला आज कळलं तर गाडी बदलते, उद्या सकाळी कळलं तर फक्त किंमत बदलते.

वजन हाही तिथला वेगळा मुद्दा. २०२२ पासून १,८०० किलोच्या वर किलोमागे १० युरो लावले, २०२४ मध्ये रेघ १,६०० किलोवर आणली. आणखी एक सापळा प्लग-इन हायब्रिडचा, म्हणजे बॅटरी बाहेरून चार्ज करता येणाऱ्या पेट्रोल गाड्यांचा. या गाड्या कागदावर ३०-४० ग्रॅम दाखवतात, पण मालकाने चार्जिंगची केबल पिशवीतून काढलीच नाही तर ती जड पेट्रोल गाडीच असते. नेदरलँड्समध्ये कंपनीच्या गाड्यांना करसवलत मिळाल्यावर नेमकं हेच घडलं.

आयर्लंडचा धडा कडू आहे. जुलै २००८ मध्ये त्यांनी नोंदणी कर ग्रॅमवर नेला. डिझेल गाडी किलोमीटरमागे कमी कार्बन सोडते, म्हणून नव्या गाड्यांतला डिझेलचा वाटा काही वर्षांत पावावरून पाऊण झाला. कार्बन घटला, पण नायट्रोजन ऑक्साइड आणि काजळी शहरांच्या हवेत आली. धूर दोन प्रकारचा असतो: एक हवामान तापवतो, दुसरा फुप्फुसात जातो. पीयूसी केंद्रावर दुसऱ्याची तपासणी होते. पेट्रोलला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, डिझेलला धुराची अपारदर्शकता. कार्बन डायऑक्साइडवर तिथे कोणी नापास होत नाही. म्हणून ग्रॅमचा कर लावला तरी डिझेलचे दोन टक्के जादा काढून टाकू नयेत.

न्यूझीलंडने एप्रिल २०२२ मध्ये दंड-बक्षीस आणलं. पिकअपला तिथे 'यूट' म्हणतात. विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांत त्याचं 'यूट टॅक्स' हे नाव रूढ झालं आणि ते नाव योजनेपेक्षा मोठं झालं. त्यांचा सवाल साधा होता: गुरांचा चारा ओढणारी इलेक्ट्रिक पिकअप बाजारात आहे का? तेव्हा नव्हती. सरकार बदललं आणि ३१ डिसेंबर २०२३ ला योजना बंद. ब्रिटनमध्ये २००८ च्या अर्थसंकल्पाने वार्षिक वाहनकराचे नवे चढे दर २००१ नंतर नोंदलेल्या, म्हणजे आधीच विकत घेतलेल्या गाड्यांनाही लावायचं ठरवलं. गाडी घेऊन झाल्यावर निवड बदलता येत नाही, फक्त चीड येते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारला बरंच मागे यावं लागलं.

मग मांडणी कशी करावी

महाराष्ट्रासाठी एक साधा आराखडा घ्या: पेट्रोलला किमतीच्या १० टक्के, अधिक ८० ग्रॅमच्या वरच्या प्रत्येक ग्रॅमला १,००० रुपये. १४ लाखांची ११२ ग्रॅमची गाडी: १ लाख ४० हजार अधिक ३२ हजार, एकूण १ लाख ७२ हजार. आज १ लाख ६८ हजार. १८ लाखांची ८५ ग्रॅमची हायब्रिड: १ लाख ८५ हजार, आज २ लाख १६ हजार. २८ लाखांची, लिटरला १४ देणारी म्हणजे १६९ ग्रॅमची पेट्रोल एसयूव्ही: ३ लाख ६९ हजार, आज ३ लाख ६४ हजार. तिजोरीचं फारसं हलत नाही. फरक पडतो तो निवडीत. आज त्या हायब्रिडला साध्या आवृत्तीपेक्षा ४८ हजार जास्त पडतात, नव्या हिशोबात १३ हजार.

हजार रुपये हा आकडा हवेतला नाही. गाडी दीड लाख किलोमीटर चालली तर एक ग्रॅम म्हणजे १५० किलो कार्बन डायऑक्साइड. किलोमागे साधारण ६ रुपये ६७ पैसे. लिटरभर पेट्रोलच्या भाषेत, ८० ग्रॅमच्या वर जळणाऱ्या प्रत्येक लिटरवर सुमारे १६ रुपये आगाऊ घेतल्यासारखं.

आता यात काय बिघडतं ते. सीएनजीला तोच १० टक्क्यांचा पाया लावला तर किलोला ३४ किलोमीटर देणारी, म्हणजे ७९ ग्रॅमची वॅगनआर उलट महाग होते. तिचा ८ टक्क्यांचा दर वेगळा ठेवावाच लागेल. आणि नऊ लाखांच्या बोलेरोला, डिझेलचे दोन टक्के जादा धरायच्या आधीच, १ लाख १७ हजारांऐवजी १ लाख ७५ हजार पडतात. इथे न्यूझीलंडचा यूट टॅक्स आपल्या दारात उभा राहतो. डोंगराळ तालुक्यात दहा माणसं कोंबून बाजाराला जाणारी गाडी आणि पुण्यात मॉलच्या तळघरात उभी असणारी गाडी, दोघींचे ग्रॅम सारखे असू शकतात. ग्रॅम माणसं मोजत नाहीत. यावर मला पटणारा तोडगा एकच: पहिल्या वर्षी ग्रॅमला ३०० रुपये, मग दरवर्षी ठरलेली वाढ, आणि पूर्ण वेळापत्रक पहिल्याच अधिसूचनेत. तोवर कारखान्याला त्या वर्गातली हलकी गाडी आणायला वेळ मिळतो. विशिष्ट मॉडेलला किंवा 'ग्रामीण' पत्त्याला सूट देऊ नका. कागदावरचा पत्ता बदलायला वेळ लागत नाही.

आणखी एक तांत्रिक काटा. प्रमाणित मायलेज ज्या चाचणीतून येतं ती सौम्य आहे: वेग जास्तीत जास्त ताशी ९० किलोमीटर, प्रवेग हळूहळू. चाचणी बदलली की त्याच गाडीचे ग्रॅम वाढतात. म्हणून कायद्यात रेघेसोबत चाचणीचं नावही लिहावं, नाहीतर चाचणी बदलल्या दिवशी कर आपोआप वाढेल. आणि आज आरसीवर सीसी, रिकामं वजन, बीएस मानक असतं, ग्रॅम नसतात. आधी तो रकाना हवा, कर नंतर.

नेहमीचे आक्षेप

'पेट्रोलवरच कर वाढवा की.' सिद्धांतात हे सगळ्यात नेटकं, कारण जो जास्त फिरतो तो जास्त भरतो. पण इंधनाचा कर रोज सकाळी पंपावर दिसतो. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ चं पिवळ्या जॅकेटवाल्यांचं आंदोलन इंधनकरावरूनच पेटलं होतं. शिवाय गिऱ्हाईक गाडी घेताना पुढच्या दहा वर्षांचं पेट्रोल मोजतच नाही. ११२ आणि ८५ ग्रॅममध्ये दीड लाख किलोमीटरला १,७०० लिटरचा फरक आहे. लिटर १०० रुपये धरलं तरी १ लाख ७० हजार. शोरूममध्ये मात्र चर्चा सनरूफची होते.

'इलेक्ट्रिक गाडीचा धूर कोळशाच्या केंद्रात निघतोच.' हे खरं आहे आणि ते लपवू नये. आपल्या ग्रिडवर युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. शंभर किलोमीटरला १३ युनिट खाणारी गाडी म्हणजे किलोमीटरला ९१ ग्रॅम, जवळपास हायब्रिडच्या कागदी आकड्याएवढे. फरक असा की हायब्रिडचा कागदी आकडा ट्रॅफिकमध्ये बिघडतो, इलेक्ट्रिकचा फारसा नाही. ग्रिड वर्षागणिक सुधारतं, विकलेलं इंजिन सुधारत नाही. आणि गल्लीत सायलेन्सर नसतो. म्हणून इलेक्ट्रिकला सवलत योग्य, पण अडीच टनांच्या इलेक्ट्रिक गाडीला आणि छोट्या इलेक्ट्रिकला सारखाच ५ टक्के जीएसटी, हे वजनाच्या अंगाने विचार करण्यासारखं आहे.

'जुन्या गाड्या सोडून नव्यांवर का?' जुन्यांवर आहेच. राज्याच्या २०१० च्या कायद्याने १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाडीला पाच वर्षांसाठी ३,००० आणि डिझेलला ३,५०० रुपये पर्यावरण कर लावला. वर्षाला ६००-७०० रुपये. याने कोणी गाडी मोडीत काढत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांपुढच्या मोटारीचं नोंदणी नूतनीकरण १० हजार रुपये केलं, ते थोडं जाणवतं. पण कराने गाडीची निवड बदलते ती खरेदीच्या दिवशी.

'कंपन्यांवर मायलेजचे नियम आहेत ना?' आहेत. २०२२-२३ पासून कंपनीच्या विकलेल्या गाड्यांची सरासरी ११३ ग्रॅमच्या आसपास हवी, आणि २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्तीने शंभर किलोमीटरला ०.२ लिटरपर्यंत चुकल्यास गाडीमागे २५ हजार, त्यापुढे ५० हजार दंड ठेवला. मात्र हे लक्ष्य वजनाला बांधलेलं आहे: जड गाड्या विकणाऱ्याला सैल लक्ष्य. एप्रिल २०२७ पासूनच्या नियमांच्या सप्टेंबर २०२५ मधल्या मसुद्यात ९०९ किलोपर्यंतच्या छोट्या पेट्रोल गाड्यांना खास सूट होती. मारुतीला ती हवी होती. टाटा, महिंद्रा, ह्युंदाईला नको होती. चार मीटरनंतर ही ९०९ किलोची रेघ. अशी रेघ लागू झाली की ९०८ किलोच्या गाड्या दिसायला किती दिवस लागतात, हा हिशोब तुम्हीच करा.

रोड टॅक्सच्या बदलाचा मसुदा कधी हरकती-सूचनांसाठी निघाला, तर 'मोठ्या गाड्यांवर कर वाढवा' असं लिहून पाठवू नका. 'मोठी'ची व्याख्या पुन्हा टेपनेच होईल. तीन ओळी पुरतात: आरसीवर प्रमाणित ग्रॅमचा रकाना, चाचणीच्या नावासकट, पायऱ्यांऐवजी ग्रॅमागणिक दर, पाच वर्षांच्या छापील वेळापत्रकासह, आणि ३० लाखांची कमाल मर्यादा ग्रॅमच्या भागाला लागू नाही.